बाई, पुरवणी!

परीक्षेच्या वर्गात शेवटच्या तासाला ही हाक ऐकू यायला लागते. कोपऱ्यातून एक हात वर होतो, "बाई, पुरवणी!" मग पर्यवेक्षकाने उठायचं, सही-शिक्क्याचा कागद द्यायचा आणि मुलाने तो पांढऱ्या दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेला बांधायचा. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशा किती पुरवण्या वाटल्या त्याची मोजदाद नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात आली. पुरवणी मागणारी मुलं दोन प्रकारची असतात. काहींकडे खरोखरच सांगण्यासारखं जास्त असतं. आणि एखाद्या वर्षी असं व्हायचं, की कागद महागला म्हणून मूळ उत्तरपत्रिकाच बारीक करायची टूम निघायची. मग दुसऱ्या प्रश्नालाच सगळा वर्ग पुरवणी मागायला लागायचा. कागद तोच, दोरा तोच, पण दोन्हीचा अर्थ अगदी वेगळा.

हे आज आठवायचं कारण आहे कॉम्प्युटर. (हसू नका.)

झालंय असं, की आमच्या जुन्या शाळेच्या १९८८ च्या बॅचने शाळेला काहीतरी भेट द्यायचं ठरवलं आहे. पैसे बऱ्यापैकी जमलेत. व्हॉट्सॲपच्या गटावर चाळीस टॅबलेट घ्यायचं जवळजवळ नक्की झालं आणि "बाई, तुमचा आशीर्वाद असू द्या" म्हणून मलाही विचारलं. मी लिहिलं, "थोडं थांबा. त्याला मागून काय जोडता येतं ते आधी बघा." त्यावर गटात जी शांतता पसरली ती अजून टिकून आहे. दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, ती नमस्काराची की निरोपाची ते कळलं नाही. त्या एवढ्याशा चौकटीत मला सगळं लिहिता येईना, म्हणून ही पोस्ट. नेहमीच्या वाचकांनी आणि आमच्या नातेवाईकांनी (जे सगळं वाचतात, अभिप्राय मात्र फोनवर देतात, इथे कधी लिहीत नाहीत!) गोड मानून घ्यावं.

मी मराठी आणि इतिहासाची शिक्षिका. कॉम्प्युटर या विषयात मी बोलावं असं माझ्या पदवीत काही नाही. पण १९८५ मध्ये आमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले, गणिताचे सर प्रशिक्षणाला जायला तयार होईनात, आणि माझं नाव यादीत गेलं. तेव्हापासून ही यंत्रं डोक्यात बसली ती बसलीच. पुढे २०१८ मध्ये धाकट्या लेकीकडे केंब्रिजला तीन महिने राहिले, तेव्हा तिथलं जुन्या कॉम्प्युटरांचं संग्रहालय पाहिलं. एकदा नाही, चार वेळा. तिथे यंत्रं काचेमागे नाहीत, बसून टाइप करू देतात. जावयांनी मला सोडायचं आणि चार तासांनी न्यायला यायचं, असा क्रमच पडला होता.

तर सुरुवात इंग्लंडपासूनच करायला हवी, कारण ही गोष्टच तिथली.

१९८१ च्या मार्चमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. तयार घेतला तर ६९.९५ पौंड, आणि सुटे भाग घेऊन घरी जुळवलात तर ४९.९५. काळ्या रंगाचं, जाडसर वहीएवढं यंत्र. पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि केलेलं काम साठवायला घरचाच कॅसेट रेकॉर्डर. सामान्य घराला परवडेल असा कॉम्प्युटर म्हणून लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. पण मूळ उत्तरपत्रिका किती पानांची? तर मेमरी फक्त १ के, म्हणजे १०२४ अक्षरांची जागा. मी लेकीकडे बसून कागदावर हा हिशेब करून पाहिला. त्यातली १२५ यंत्र स्वतःच्या नोंदींसाठी घ्यायचं. टीव्हीचा पडदा अक्षरांनी पूर्ण भरला तर त्याला ७९३ लागायची. उरली १०६! तेवढ्यात प्रोग्राम लिहायचा. म्हणून मग पडद्यावर जी ओळ रिकामी तिला जागाच द्यायची नाही, अशी युक्ती त्यात केलेली होती.

माझी एक आत्या पोस्टकार्डावर पत्र लिहायची. आधी ओळी, मग समासात उभं, मग पत्त्याच्या बाजूला पोस्टाने सोडलेल्या कोपऱ्यात "ता. क.", आणि त्या ता. क. लाही एक ता. क. झेडएक्स ८१ वाल्या मुलांनी हेच केलं. डेव्हिड हॉर्न नावाच्या एकाने तर त्या १ के मध्ये बुद्धिबळाचा डाव बसवला, तोही ६७२ बाइटांत. त्यात किल्लेकोट नाही, प्यादं शेवटच्या घरात गेलं तरी वजीर होत नाही, पण यंत्र तुमच्याशी खेळतं. अशा माणसाला मी इतिहासाच्या पेपरात पैकीच्या पैकी दिले असते. थोडक्यात उत्तरे लिहा, ते हे.

पण सगळे काही हॉर्न नसतात. बाकीच्यांसाठी कंपनीने १६ के ची पुरवणी काढली. तिला रॅम पॅक म्हणत. सुरुवातीची किंमत ४९.९५ पौंड, म्हणजे सुटं यंत्र जेवढ्याला तेवढ्याचीच त्याची पुरवणी! यंत्राच्या मागे एक खाच होती आणि आतल्या पाटीची कड त्यातून उघडी दिसायची. तिच्यावर धातूच्या पट्ट्या. रॅम पॅक म्हणजे एक काळा डबा, तो त्या कडेवर नुसता खुपसायचा. स्क्रू नाही, कडी नाही. त्यामुळे व्हायचं काय, की तासभर खपून दोन बोटांनी प्रोग्राम टाइप करावा, शेवटच्या ओळीला बटण जरा जोरात दाबलं जावं, मागचा डबा हलावा, आणि सगळं पुसलं जावं. आपल्याकडे ऐन वेळी वीज जाते तसं. या डुलण्याला तिकडे एवढी प्रसिद्धी मिळाली, की आज पन्नाशी-साठी ओलांडलेला कोणीही इंग्रज गृहस्थ त्यावर बोलू शकतो. कोणी तिथे ब्लू-टॅक नावाचा निळा, कणकेसारखा चिकट गोळा लावायचं, कोणी चिकटपट्टी, कोणी यंत्र आणि डबा दोन्ही एका फळीवर ठोकून टाकायचं.

पुरवणीचा दोरा सुटला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. उत्तर लिहिलेलं असतं, पण तपासनिसापर्यंत पोचत नाही.

आता यावर माझं मत. सिंक्लेअर यांना कंजूष म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणणार नाही. मूळ यंत्रातच १६ के घातली असती तर किंमत वाढली असती आणि कित्येक घरांत ते गेलंच नसतं. पण तरीही ही बारीक केलेल्या उत्तरपत्रिकेची पुरवणी होती हे खरं. ज्याने यंत्र घेतलं त्याला दोन महिन्यांत ती घ्यावीच लागायची. स्वस्त म्हणून आणलेल्या वस्तूची खरी किंमत नंतर हप्त्याहप्त्याने कळते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. चंदेरी कागदावर ठिणग्यांनी अक्षरं जाळून उमटवणारा प्रिंटर त्यांनी काढला, तोही ४९.९५ पौंडांचा. पुढे १९८३ मध्ये स्पेक्ट्रम या पुढच्या यंत्रासाठी अखंड फिरणाऱ्या चिमुकल्या टेपची मायक्रोड्राइव्ह आली, तीही ४९.९५. या आकड्यावर त्यांचा जीव होता!

एक श्रेय मात्र त्यांना द्यायलाच हवं. ती मागची उघडी कड कोणाच्या मालकीची नव्हती. तिच्यावर काय जोडायचं याला कंपनीची परवानगी लागत नव्हती. त्यामुळे इंग्लंडात लहान लहान कारखाने उभे राहिले, कोणी जॉयस्टिक जोडायची पेटी काढली, कोणी खरी बटणं असलेला कीबोर्ड, कोणी यंत्राला बोलायला लावणारा डबा. उत्तरपत्रिका बारीक होती, पण समास मोकळा सोडलेला होता.

दुसरा प्रकार केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीचा. बीबीसी या संस्थेने देशाला कॉम्प्युटर शिकवायचा चंग बांधला आणि टीव्हीवर मालिका करायचं ठरवलं. त्यासाठी एक अधिकृत यंत्र हवं होतं, ते काम एकॉर्नला मिळालं. १९८१ च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो आला. महाग. त्याचं मॉडेल बी लवकरच ३९९ पौंडांना झालं, म्हणजे पाचसहा झेडएक्स ८१ च्या भावात एक. पण इंग्लंडातल्या बहुतेक शाळांत तो गेला, कारण शाळांना सरकार मदत देत होतं.

आमच्या शाळेत आले ते हेच. त्यामुळे माझा जीव यात अडकलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. पक्षपात झाला तर समजून घ्या.

संग्रहालयातल्या स्वयंसेवक आजोबांना (माझ्याच वयाचे असतील) मी विनंती केली, की हे यंत्र जरा उलटं करून दाखवता का. त्यांनी हसत हसत केलं. मागच्या बाजूला टीव्ही, कॅसेट आणि इतर जोडण्यांची रांग, ती मला माहीत होती. पण खालच्या अंगाला पाहा! एकाशेजारी एक सहा जोडण्या. वीज बाहेर घ्यायची, डिस्कची, प्रिंटरची, नुसतंच "यूजर पोर्ट" लिहिलेली, मग एक मेगाहर्ट्झ बस नावाची, आणि शेवटची "ट्यूब". झाकणाच्या स्क्रूंपाशी चक्क "फिक्स" असं छापलेलं. म्हणजे हे काढा, झाकण उघडेल. झाकण उघडलं की आत चिपा बसवायच्या रिकाम्या जागा. शब्द लिहायचा प्रोग्राम हवा? त्याची चिप आणा, रिकाम्या जागेत दाबून बसवा. यंत्राने बोलावं असं वाटतं? तीही चिप मिळत होती, आणि तिच्यातला आवाज केनेथ केंडल या बीबीसीच्या वृत्तनिवेदकांचा होता. टेलिटेक्स्टची पेटी जोडली तर टीव्हीच्या लहरींबरोबर बीबीसीने सोडलेले प्रोग्राम घरात उतरायचे. स्वस्तातलं मॉडेल ए घेतलं असेल तर मेमरीच्या चिपा आणि राहिलेले भाग घालून त्याचंच मॉडेल बी करता यायचं. यंत्र बदलायची गरज नाही.

ही दुसऱ्या प्रकारची पुरवणी. मूळ उत्तरपत्रिका पुरेशी आहे, तिच्यावर काम होतं, पण एखाद्याकडे जास्त सांगण्यासारखं असेल तर त्याच्यासाठी भोक पाडून ठेवलेलं आहे. दोरा तेवढा आणा.

आणि त्या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो यूजर पोर्ट. आठ तारा. प्रत्येकीवर प्रोग्राममधून विजेचा इशारा पाठवता येतो किंवा बाहेरून आलेला वाचता येतो. एवढंच. तिथे काय लावायचं ते कंपनीने सांगितलेलंच नाही, नावच "वापरणाऱ्याचं दार". तिकडच्या शाळांनी त्यावर चाकांची गाडी लावली, बीबीसी बगी म्हणत तिला, फिशरटेक्निकच्या जुळवायच्या तुकड्यांची केलेली. मुलं प्रोग्राम लिहायची आणि गाडी वर्गातल्या फरशीवर वळणं घ्यायची. पडद्यावरचं अक्षर फरशीवर उतरलं, की मुलाला आपण लिहिलेल्याचा अर्थ कळतो. हे मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगते. निबंध आणि अर्ज यांत हाच फरक आहे. अर्ज लिहिला की काहीतरी घडावं लागतं.

आता आपल्याकडे येते. केंद्र सरकारने १९८४ मध्ये "क्लास" नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो पाठवले. त्यांत आमची शाळा. एक खोली रिकामी केली, पडदे लावले, दारात चपला काढायच्या. धूळ चालत नाही म्हणे. यंत्राला मखमली कव्हर, टेबलाला कुलूप, आणि एक नोंदवही. एका वर्गाला आठवड्यातून एक तास, एका यंत्रासमोर बाकभर मुलं. मागच्या बाकावरच्यांना पडदा दिसायचा नाही, ती पुढच्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायची.

नववीत विलास नावाचा मुलगा होता. (नाव बदललं आहे, पण गटातल्यांना लगेच कळेल.) मराठीत जेमतेम काठावर. पण गणपतीत त्यांच्या आळीच्या मंडळाची रोषणाई हा करायचा, पळत्या दिव्यांची. यंत्राबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात यूजर पोर्टची माहिती याने शोधून काढली. पुस्तकातलं इंग्रजी त्याला येत नव्हतं, मला विजेचं काही कळत नव्हतं. मी वाक्य वाचायचे, तो मान हलवायचा. तार कुठली, मध्ये ट्रान्झिस्टर का हवा, म्हणजे यंत्रावर भार येणार नाही, सगळं त्याने कागदावर काढलं. आठ लहान दिवे. प्रोग्राममधून एकेक पेटवायचा. प्रयोगशाळेतल्या काकांनी सुटे भाग द्यायचं कबूल केलं. मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज केला. तो माझ्याच विषयाचा गृहपाठ समजून मी त्याच्याकडून तीन वेळा लिहून घेतला. अर्ज परत आला, वर शेरा, "यंत्र मूळ स्थितीत ठेवावे."

मी दोनदा भेटले, भांडले म्हटलं तरी चालेल. सरांचंही बरोबर होतं. यंत्र सरकारी, लेखापरीक्षण व्हायचं, काही जळलं तर वसुली कोणाच्या पगारातून? हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी सोडवून ठेवलेला नव्हता, तो त्यांच्या टेबलावर येऊन पडला होता. पण परिणाम व्हायचा तो झाला. त्या दोन यंत्रांच्या खालच्या सहा जोडण्यांत एकही तार कधी गेली नाही. काही वर्षांनी नवी यंत्रं आली, ही भांडारात गेली, आणि पुढे निर्लेखित झाली. मूळ स्थितीत.

त्याच सुमारास तिकडे केंब्रिजमध्ये काय चाललं होतं बघा. त्या रांगेतली शेवटची जोडणी, ट्यूब. तिला दुसरा प्रोसेसर, म्हणजे दुसरा मेंदूच, जोडता यायचा. जुनं यंत्र मग नुसतं कीबोर्ड आणि पडदा सांभाळायचं, विचार बाहेरचा मेंदू करायचा. एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर आखला. १९८५ च्या २६ एप्रिलला पहिली चिप तयार होऊन आली. ती चालवून पाहायला त्यांनी काय वापरलं? आपलाच बीबीसी मायक्रो, ट्यूबला पुरवणी जोडून. पहिल्याच दिवशी ती चालली. वीज किती खाते हे बघायला फर्बर यांनी मीटर लावला तर काटा शून्यावर. मग लक्षात आलं, की तिला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता! आजूबाजूच्या तारांतून जी थोडी वीज झिरपत होती तिच्यावरच ती काम करत होती. त्या चिपेचं नाव आर्म. आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये आहे ती तिचीच पणती-खापरपणती.

म्हणजे आमच्या टेबलाला कुलूप होतं त्या वर्षी, त्याच जातीच्या यंत्राच्या पोटाखाली हे घडत होतं. विलासने आर्म केली असती असं मी म्हणत नाही. त्याचे आठ दिवे लागले असते. मला तेवढंही पुरलं असतं.

आता गटातले आक्षेप. एक जण म्हणाला, "बाई, टॅबला पेनड्राइव्ह लागतो, कीबोर्ड लागतो." लागतो की. आणि मध्ये आणखी एखादा बोर्ड घेतला तर दिवाही लावता येतो, हे मला भाच्याने सांगितलं. पण मग खरा खेळ त्या बोर्डावरच होणार ना? टॅबला मेमरी वाढवता येत नाही, ती आत डाख लावून पक्की केलेली असते. पाठ गोंदाने चिकटवलेली, "फिक्स" लिहिलेला स्क्रू शोधून सापडणार नाही. बॅटरी गेली की चाळीसच्या चाळीस हळूहळू कपाटात जाणार. मूळ स्थितीत. बघायला, वाचायला टॅब उत्तम आहे, मीही त्यावरच वर्तमानपत्र वाचते. पण घरोघरी मोबाइल आहेतच. मुलांना बघायला आणखी एक काच देण्यात शाळेने पैसे का घालायचे?

दुसरीने लिहिलं, "बाई, जोडजाड केलेल्या वस्तू टिकत नाहीत." हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला मी माझ्याच बाजूचा एक दाखला देते. १९८६ मध्ये बीबीसीने डोम्सडे प्रकल्प केला. १०८६ मध्ये तिकडच्या राजाने देशाची मोठी पाहणी करवली होती, तिला नऊशे वर्षं झाली म्हणून. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो काढले, आणि ते सगळं दोन मोठ्या लेझर डिस्कवर घातलं. त्या चालवायला बीबीसीच्या यंत्राला एक खास प्लेअर जोडावा लागायचा. महागडा, बऱ्याच शाळांना परवडला नाही. पंधरा-सोळा वर्षांत तो प्लेअर मिळेनासा झाला. १०८६ चं चामड्यावरचं पुस्तक वाचता येत होतं आणि १९८६ ची डिस्क नाही! २००२ मध्ये संशोधकांनी खटपट करून ती नव्या यंत्रावर वाचून दाखवली, २०११ मध्ये मुलांचा मजकूर इंटरनेटवर आला. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती. तेव्हा हो, पुरवणीचा दोरा सुटतो. पण म्हणून पुरवणी देणंच बंद करायचं का? आपण त्यावर मुलाला आसनक्रमांक लिहायला लावतो, तसं काहीतरी करायचं.

मग माझं म्हणणं काय? केंब्रिजमध्येच २०१२ पासून रास्पबेरी पाय नावाचा लहानसा कॉम्प्युटर निघतो, पत्त्याच्या पानाएवढी नुसती पाटी. त्याची पहिली मॉडेलंसुद्धा "ए" आणि "बी" अशी, बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून. आत आर्मची चिप. कडेला ४० पिनांची रांग, आमच्या त्या यूजर पोर्टची नात. २०२० मध्ये त्यांनी कीबोर्डच्या आत बसवलेलंही एक मॉडेल काढलं, त्याच्याही पाठीला त्या पिना आहेतच. तिचीही मेमरी डाख लावलेलीच असते, वाढवता येत नाही, हे लपवत नाही. पण दिवा लागतो, तापमान मोजता येतं, चाकं फिरतात. शाळेत जुने मॉनिटर पडून आहेत. त्यांना जोडायला एक छोटा अडॅप्टर लागेल. (पुरवणीला पुरवणी. आत्याची आठवण आली.)

चाळीस टॅबच्या पैशांत असे किती संच, सेन्सर, तारा आणि दिवे येतील याचा हिशेब भाचा करतो आहे. पण वस्तूपेक्षा माझा आग्रह भेटीबरोबर द्यायच्या पत्राचा आहे. त्याचा मसुदा मी केला आहे. त्यात दोनच गोष्टी. कपाटाची किल्ली शिकवणाऱ्या शिक्षकाकडे राहील. आणि एखादा बोर्ड मुलाच्या हातून जळाला तर त्याची वसुली कोणाकडूनही होणार नाही, तो बॅचच्या निधीतून भरून दिला जाईल. या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात, ५ व्होल्टची तार चुकून लागली तर बोर्ड जाऊ शकतो. तेव्हा जळणार हे गृहीतच आहे. १९८६ मध्ये सरांच्या टेबलावर असं एक पत्र असतं तर त्यांनी तो शेरा मारला नसता, इतकं मी त्यांना ओळखत होते.

येत्या रविवारी गटाची बैठक आहे, पुण्यात, मलाही न्यायला येणार आहेत. ज्या ब्लॉगर मित्रांनी आपल्या गावच्या शाळेत असा काही उद्योग केला असेल त्यांनी त्याआधी जरूर लिहावं, विशेषतः मराठीतून जोडण्या समजावणारं एखादं पुस्तक माहीत असेल तर. इंग्रजी वाक्यं वाचून दाखवायला आता शाळेत मी नाही.

विलासचं आता तालुक्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गटावर तो फारसा बोलत नाही. काल रात्री त्याचा फोन आला. पाच संचांचे पैसे तो एकटा भरणार आहे. म्हणाला, "पण बाई, सहा घ्या. एक पहिल्या आठवड्यातच जाणार."